ऐन आणि ळ

उमरेडला मराठी शाळेत शिकलो.
बाराखडी पाठ, सत्तावीसचा पाढा पाठ,
नमाज नाही.
ईदगाहवर शेजारच्याच्या कोपराकडे तिरकं बघत
तो वाकला की वाकायचो,
तो उठला की उठायचो.
बेचाळीस वर्षं मी अल्लाहपुढे
अर्ध्या ठोक्यानं उशिरा उभा होतो.

अब्बांच्या जनाज्याला तेही साधलं नाही.
त्या नमाजेत वाकणंच नसतं, मला कुठं माहीत!
पहिल्या रांगेत मी एकटा वाकलो
आणि मागून कुणीतरी सदरा ओढून
हळूच मला सरळ केलं.

मग मोमिनपुऱ्यात, हाफिज तन्जीलकडे.
वय चोवीस, गाव अररिया,
माझ्या थोरल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.
घरी सांगितलं, त्याचा कूलर बिघडलाय.

पहिल्या दिवशी त्यानं माझी बोटं उलटी करून पाहिली.
टाकीला आतून फासायचं डांबर
नखांच्या कडेत बसलेलं.
इथं पाणी पोचत नाही चाचा, म्हणाला,
तुमचा वुजू इथंच अडतो.
रॉकेल, चिंधी, लिंबाची फोड.
मग लोट्यानं तो माझ्या हातावर ओतत राहिला,
तीनदा, मोजून,
पण बारीक धारेनं.
मे महिना, नळ एक दिवसाआड.

रुकू मला लगेच समजला.
पाठ अशी की वर पेला ठेवला तरी सांडू नये.
कूलरचं स्टँड लावताना आणखी काय बघतो मी?
जरा कललं की एका कोपऱ्यातून गळतं
आणि बाकीचं गवत कोरडं राहतं.

अडलं ते अक्षरात.
मी वहीत देवनागरीत उतरवून नेलेलं.
तो म्हणे, हा 'अ' नाही, ऐन आहे,
घशाच्या तळातून काढा,
विहिरीत बादली आपटते तिथून.
आणि 'हम्द'मधला ह
चष्मा पुसताना काचेवर सोडतो तसा.
वाफ जमली. ऐन काही येईना.
मी घसा खरवडायचो, खोकत बसायचो,
आणि सात-आठ वर्षांचे पोट्टे
तोंडावर टोपी धरून हसायचे.

एक दिवस वैतागलो.
हाफिजसाब, तुम्ही म्हणा बरं : नळ.
नल.
नळ.
नल. नड.
पोट्टे चेकाळले, चारी बाजूंनी ओरडायला लागले,
डोळा! मुळा! पिवळं केळं!
त्याची जीभ टाळूवर फिरत राहिली,
लाइट गेल्यावर भिंतीवर
मेणबत्ती शोधणाऱ्या हातासारखी,
आणि मला पहिल्यांदा
माझा घसा बाहेरून दिसला.

तेव्हापासून सौदा आहे.
असरनंतर तो मला ऐन देतो,
मी त्याला ळ.
परवा वीज कंपनीच्या खिडकीवर
'मीटर जळालं' म्हणाला तो, स्वच्छ.
आतल्या बाईनं मान वर करून पाहिलं
आणि अर्ज घेतला.
मला अजून दहातून तीनदा जमतं.

पोरीच्या नकाशावर बोट ठेवून पाहिलं.
नागपूरहून सरळ डावीकडं,
सुरतेजवळून, समुद्रावरून, वाळूवरून,
मक्केपर्यंत बोट फारसं वरखाली होत नाही.
एवढं सरळ होतं तर.

काल इशाला घरी एकटाच होतो.
चार रकात. मध्येच कूलरचा पंप
कोरडा घरघरायला लागला, कान तिकडं गेले
आणि विसरलो, तिसरी की चौथी?
शेजारी कुणाचं कोपर नाही,
मीटरची पेटी आणि कॅलेंडर.
हाफिज म्हणाला होता, शंका आली तर कमी धरा,
एक आणखी पढा,
शेवटी चुकीचे दोन सजदे द्या.
म्हणजे माणूस विसरणार
हे आधीच धरलेलं होतं,
त्याच्यासाठी जागा सोडून आखलेलं.

दुसऱ्या सजद्यात, कपाळ चटईला,
वाळ्याचा जुना वास नाकात,
अब्बांपुढचं ते वाकणंही
यातच मिळवून घे, म्हटलं,
मनातल्या मनात, मराठीत.

सलाम फिरवला, उजवीकडं, डावीकडं.
मग उठून टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं.